ईव्हीच्या डिकीतली स्टेपनी वाजते, सरकते, सुटते: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

नाशिकला आमचं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे आणि इलेक्ट्रिक गाड्या वाढल्यापासून एक तक्रार फिरून फिरून येते, मागून काहीतरी आदळतंय. तोपर्यंत शॉकअप बघून झालेले असतात, कुणी कुणी तर मागचे बुशही बदलून आलेले असतात, आणि डिकी उघडली की मॅटवर एक चाक आडवं पडलेलं आणि वरून मोटारसायकलवर सामान बांधतात तो इलॅस्टिकचा हुकवाला दोर. तेच वाजत असतं. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवतो, म्हणजे निम्म्या लोकांना दुकानापर्यंत यायची गरजच पडणार नाही.

हे ईव्हीतच जास्त का, ते आधी थोडक्यात. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला, की ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी टीपीएमएस यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर कारमध्ये स्टेपनी असलीच पाहिजे असं नाही. त्यामागचं एक कारण सरकारने तेव्हा उघडच सांगितलं होतं, की स्टेपनीची जागा वाचली तर इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी बसेल. त्यामुळे बऱ्याच ईव्हींना डिकीखाली चाकाचा खड्डाच नाही, तिथे फोमचा ट्रे, त्यात सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर. गावातल्या गावात ते पुरतं. पण सीलंट हे ट्रेडमधल्या, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या, छोट्या भोकासाठी असतं, साधारण ४ ते ६ मिमीपर्यंत. साईडवॉल, म्हणजे टायरची बाजू, चिरली किंवा खड्ड्यात रिम वाकली की बाटली काही कामाची नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, सिमेंटचा रस्ता, उन्हाळ्यात टायर तापतात, आणि मध्ये पंक्चरचं दुकान पाहिजे तिथे सापडत नाही. म्हणून लोक वेगळं चाक घेऊन डिकीत टाकतात आणि ते बरोबरच करतात, मी स्वतः लांबच्या प्रवासाला स्टेपनीशिवाय कुणाला जा म्हणणार नाही. फक्त ते "टाकायचं" नाही, बांधायचं आहे.

लक्षणं आधी. तुमच्या गाडीत यातलं कुठलं आहे ते ओळखा म्हणजे खालचं निम्मं वाचायला लागणार नाही.

- गतिरोधकावरून मागची चाकं खाली उतरताना एकदाच मोठा "धप्". चाक वर उचललं जाऊन परत पडतंय.
- खराब रस्त्यावर सारखी लोखंडी खुळखुळ. हे बहुतेक वेळा चाक नसतंच, जॅक-पाना असतो.
- घाटात वळण घेताना आधी घस्स आणि मग बाजूच्या प्लास्टिकला ठक. चाक आडवं सरकतंय.
- जोरात ब्रेक मारला की मागच्या सीटला कुणी ढकलल्यासारखं वाटतं. हे सगळ्यात वाईट लक्षण, याला लगेच बघा.
- हळू चालताना कर्रकर्र. रबर प्लास्टिकवर घासतंय.
- सकाळी आवाज येतो, दुपारी येत नाही.
- डिकीचं मॅट मध्येच फुगलंय, डिकी लावताना दाबावी लागते.
- आवाज काहीच नाही, पण बाजूच्या प्लास्टिकवर पांढरे ओरखडे आणि मॅटवर टायरची काळी भुकटी. म्हणजे सरकतंय, फक्त तुमच्या गाण्यांमुळे ऐकू येत नाहीये.

आता एक गोष्ट मला अगदी मनापासून सांगायची आहे. पेट्रोल-डिझेल गाडीत असा आवाज इंजिनाच्या आवाजात बुडून जातो, ईव्हीत सगळं ऐकू येतं, म्हणून लोक आवाज बंद करण्याच्या मागे लागतात. गोधडी गुंडाळतात, स्पंज कोंबतात, आणि आवाज बंद झाला की झालं समजतात. पण चाक सुटंच असतं. १६ इंची अलॉय आणि टायर मिळून १८ ते २० किलो भरतात. गाडी ५० च्या स्पीडला असताना धडक होऊन अर्ध्या मीटरच्या आत थांबली तर आतली सुटी वस्तू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ वीसपट जोराने पुढे जाते, हिशोब करा, १८ किलोच्या चाकाचे साडेतीनशे किलो होतात. आणि पुढे काय आहे, तर मागची सीट, त्यावर बहुतेक घरांत मुलं किंवा आई-वडील बसलेले. म्हणून काम झालं की नाही हे मी आवाजावरून ठरवत नाही. दोन्ही हातांनी रिम धरायची आणि जोरात हलवायची. गाडी डुलली पाहिजे, चाक गाडीच्या आत हललं नाही पाहिजे. खालची प्रत्येक पायरी झाली की हेच करून बघा.

१. डिकी रिकामी करून चक्कर मारा

फुकट आहे आणि हीच पायरी सगळे सोडून देतात. एकच रस्ता ठरवा, ज्यावर हमखास आवाज येतो. पहिली चक्कर आहे तशी. मग स्टेपनी सोडून बाकी सगळं बाहेर काढा, अगदी पाण्याची बाटली, छत्री, पूजेच्या सामानाची पिशवी सुद्धा, आणि परत तोच रस्ता, तोच स्पीड. मग स्टेपनीही काढून तिसऱ्यांदा.

स्टेपनी काढल्यावरही आवाज राहिला तर पुढचं काही करू नका, कारण दोष स्टेपनीचा नाहीच. अशा वेळी मागच्या सीटची कडी नीट बसली आहे का बघा, बऱ्याच गाड्यांत कडी अर्धवट लागली असेल तर बटणापाशी लाल खूण दिसते. डिकीच्या दाराचे रबरी गुटके बघा, ते आट्यावर असतात आणि सैल झाले की दार वाजतं. पार्सल ट्रे काढून बघा. यातलं काही नसेल तर मग शॉकअपचं माउंटिंग, आणि तिथे गाडी लिफ्टवर घ्यावी लागते, ते मेकॅनिकचं काम.

२. जॅक, पाना आणि चार्जर

खुळखुळ असेल तर नव्वद टक्के काम इथेच संपतं. जॅकची शिडी पूर्ण मिटवून स्क्रू हाताने घट्ट करा, अर्धवट उघडा जॅक स्वतःच वाजतो. पाना जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून जॅकबरोबर एका कॅनव्हासच्या पिशवीत घाला आणि पिशवी रिमच्या पोकळीत ठेवून तिचे बंद आऱ्यांना बांधा. नुसती पोकळीत ठेवली तर पहिल्या खड्ड्यात ती बाहेर येते.

पण इथे ईव्हीची एक वेगळी गोष्ट आहे जी मी डोळ्यांनी बघितली आणि तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. एक ताई गाडी घेऊन आल्या, तक्रार तीच, धप् धप्. चाक उचललं तर खाली घरी लावायच्या चार्जरची केबल, गुंडाळी करून नीट ठेवलेली, आणि बरोबर रिमच्या कडेखाली आलेल्या ठिकाणी वरचं काळं आवरण नखाएवढं कापलं गेलं होतं आणि आतल्या एका वायरचा रंग दिसत होता. त्या रोज रात्री त्याच केबलने चार्जिंग करत होत्या, पावसाळ्याचे दिवस, उघडं पार्किंग. चाकाचं वजन प्रत्येक खड्ड्याला त्या एकाच जागी बसत होतं. ही केबल तासन् तास १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालते, मोबाईलच्या चार्जरसारखी टेप लावून चालवायची वस्तू नाही. तेव्हा चार्जर चाकाखाली किंवा चाकावर कधीच नको, बाजूच्या कप्प्यात किंवा वेगळ्या बॅगेत. आणि आत्तापर्यंत चाकाखाली ठेवत असाल तर आज घरी गेल्यावर उजेडात केबल पूर्ण उलगडा, बोटं फिरवत शेवटपर्यंत बघा. चीर, चपटा झालेला भाग, कुठेही आतली वायर दिसत असेल तर ती केबल त्याच दिवशी बंद. दुरुस्त करायची नाही, इलेक्ट्रिशियनकडून जोडून पण घ्यायची नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवून बदलून घ्यायची.

३. स्टेपनीची हवा

हे वाचून लोकांना वाटतं हवेचा आणि आवाजाचा काय संबंध. संबंध आहे. डिकीत आडवं ठेवलेलं चाक रिमवर टेकत नाही, टायरच्या साईडवॉलवर टेकतं. तुम्ही पट्टा किंवा मधला बोल्ट आवळता तेव्हा टायर थोडा दाबला जातो आणि त्या दाबावर सगळं घट्ट राहतं. हवा कमी झाली की टायर बसतो आणि पट्टा आपोआप सैल होतो, कुणी हात न लावता. तापमानात १० अंशांचा फरक पडला की साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. नाशकातली डिसेंबरची पहाट आणि दुपारी उन्हात बंद उभ्या गाडीची डिकी यात सहज ३० अंशांचं अंतर असतं, म्हणजे साडेचार-पाच पीएसआय इकडे तिकडे. सकाळी वाजतं दुपारी नाही, त्याचं कारण हे.

म्हणून पूर्ण साईजची स्टेपनी असेल तर दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर जो पूर्ण लोडचा आकडा आहे तेवढी हवा भरा, वर दोन-तीन पीएसआय जास्त चालेल, आणि पट्टा सकाळी थंड असताना आवळा. महिन्यातून एकदा चारही टायरच्या हवेबरोबर पाचवीची पण बघायची. बारीक स्टेपनी असेल, जिच्यावर साईजच्या आधी "टी" अक्षर असतं, तिला बहुतेक वेळा ६० पीएसआय लागतात, टायरवर छापलेलं असतं ते वाचा. पंक्चरवाल्या पोराला सांगितलं नाही तर तो सवयीने ३३ भरून देतो आणि ती स्टेपनी ऐन वेळी बसते.

व्हॉल्व्ह वर राहील असं चाक ठेवा, म्हणजे अलॉयची दर्शनी बाजू वर. नाहीतर हवा बघायला दर वेळी सगळं सोडावं लागतं आणि मग कुणी बघत नाही.

४. चाकाखाली काय आहे

कर्रकर्र असेल तर हे. चाकाखाली जाड रबरी मॅट पाहिजे, पाच-सहा मिमीचं, दुकानांच्या दारात टाकतात तसलं रेघांचं. जुन्या ट्रकच्या ट्यूबचा तुकडा कापून घेतलात तरी उत्तम, तो तर कुठल्याही टायरवाल्याकडे मिळतो. स्पंज, गादीचा फोम, सतरंजीच्या घड्या नकोत. ते दबतात आणि जेवढे दबतात तेवढा पट्टा सैल होतो, शिवाय पावसाळ्यात ओलावा धरतात आणि डिकीला कुबट वास येतो.

ज्या गाड्यांत डिकीला पुठ्ठ्यासारखा खोटा फ्लोअर असतो, खाली फोमचा ट्रे आणि वर बोर्ड, तिथे चाक त्या बोर्डवर ठेवलं तर बोर्ड मधून लवतो आणि प्रत्येक खड्ड्याला चाक उसळतं. बोर्ड काढून चाक खाली पत्र्यापर्यंत बसतंय का बघा. बोर्ड ठेवायचाच असेल तर खाली पोकळी राहू देऊ नका, कडक पॅकिंग फोमने भरून घ्या.

५. खड्डा असेल तर मधला बोल्ट

काही ईव्हींना पेट्रोल मॉडेलचाच पत्रा असल्यामुळे स्टेपनीचा खड्डा आणि मध्ये आट्याचा नट असतो. तिथे घोटाळा असा होतो की कंपनीचा बोल्ट लोखंडी रिमच्या मापाचा आणि लोक ठेवतात अलॉय. अलॉयचा मधला भाग जाड, त्यामुळे बोल्ट कसाबसा दोन आटे पकडतो. हाताला घट्ट लागतं आणि हजारभर किलोमीटरमध्ये आपोआप उलगडतं. तपासायचं सोपं आहे, चाक न ठेवता बोल्ट खालच्या नटात पूर्ण फिरवून किती फेरे जातात ते मोजा, मग चाक ठेवून मोजा. बोल्टच्या जाडीएवढी तरी लांबी आट्यात गेली पाहिजे, ८ मिमीचा बोल्ट असेल तर ८ मिमी. कमी असेल तर त्याच आट्याचा लांब बोल्ट आणा, हार्डवेअरच्या दुकानात जुना बोल्ट नमुना म्हणून न्या. वरचा शंकू किंवा वाटी रिमच्या मधल्या भोकात नीट बसली पाहिजे, एका बाजूला टेकून राहिली तर चाक गोल फिरत राहतं आणि बोल्ट सोडवतं.

प्लास्टिकचा मोठा फिरकीवाला नट असेल तर हातानेच, पाना लावून नाही. तो तडकतो आणि बाजारात सुटा मिळत नाही.

बोल्ट गोल गोल फिरतोय आणि घट्टच होत नाही, तर खालच्या नटाचं वेल्डिंग सुटलं किंवा आटे गेले. इथे थांबायचं. वेल्डिंगवाल्याकडे न्यायची गाडी नाही ही. डिकीखाली वायरिंग आहे, पुढे बॅटरी आहे, वेल्डिंगच्या करंटने काय काय बिघडेल त्याचा खर्च स्टेपनीच्या कितीतरी पट. सर्व्हिस सेंटर.

६. खड्डा नसेल तर पट्टे

सगळ्यात जास्त गाड्या या प्रकारात येतात आणि सगळ्यात जास्त चुका पण इथेच, म्हणून जरा सविस्तर.

इलॅस्टिकचा दोर बाद. त्याचं कामच ताणायचं आहे, ब्रेक मारला की तो ताणतो आणि चाक पुढे जातं. सुतळी, नायलॉनची दोरी पण बाद, नायलॉन ओलं झालं की सैलावतं. रॅचेट बेल्ट घ्या, टेम्पोवाले सामान आवळायला वापरतात तो, पॉलिस्टरचा, २५ मिमी रुंदीचा पुरतो. पट्ट्यावर शिवलेलं लेबल असतं त्यावर क्षमता छापलेली असते, ५०० किलोच्या खालचा घेऊ नका आणि लेबलच नसेल तर तो पट्टा घेऊच नका. असे दोन.

मग बांधायचं कशाला? डिकीत दोन प्रकारच्या जागा असतात आणि लोक दोन्ही सारख्याच समजतात. बाजूच्या प्लास्टिकमध्ये जे छोटे हुक असतात ते भाजीच्या पिशवीसाठी, काही गाड्यांत त्यांच्या शेजारीच तीन किलो असं लिहिलेलं असतं. त्यांना चाक बांधणं म्हणजे न बांधण्यासारखंच. दुसऱ्या म्हणजे लोखंडी रिंगा, डिकीच्या तळाच्या कोपऱ्यांत, थेट पत्र्याला बोल्टने बसवलेल्या, काही ठिकाणी कार्पेटच्या झडपेखाली लपलेल्या. हँडबुकमध्ये सामान बांधण्याच्या पानावर त्या कुठे आहेत ते दिलेलं असतं. बोटाने हलवून बघा, रिंग उभी-आडवी होईल पण तिचा बोल्ट हलता कामा नये.

लहान मुलांच्या सीटचा वरचा पट्टा ज्या हुकाला लावतात, तो बऱ्याचदा मागच्या सीटच्या पाठीला असतो, तो स्टेपनीला वापरू नका. तो मुलाच्या सीटसाठीच मोकळा राहू द्या.

बांधणी अशी. चाक आडवं, मागच्या सीटच्या पाठीला अगदी चिकटून. अंतर ठेवलं तर धडकेत चाक त्या अंतरात वेग घेतं, चिकटून असेल तर सीट सुरुवातीपासून आधार देते. पहिला पट्टा उजव्या पुढच्या रिंगेतून घेऊन अलॉयच्या एका फटीतून खाली, आऱ्याच्या खालून, शेजारच्या फटीतून वर आणि डाव्या मागच्या रिंगेला. दुसरा याच्या उलट तिरका. वरून बघितलं तर फुली दिसते. पट्टा टायरच्या वरून नुसता टाकला तर टायर गोल असल्यामुळे तो घसरतो, आऱ्यांतून गेला की चाक वर पण येत नाही आणि बाजूला पण जात नाही. आऱ्याची कड धारदार लागत असेल तर तिथे पाण्याच्या जुन्या पाईपचा वीतभर तुकडा उभा चिरून पट्ट्यावर चढवा.

दोनच रिंगा असतील आणि त्या डिकीच्या दाराकडे असतील, तर एकच पट्टा आऱ्यांतून ओवून दोन्हीला बांधा, तो चाकाला पुढे जाऊ देत नाही. मग आडवं सरकणं राहतं, त्यासाठी चाकाच्या दोन्ही बाजूंना कडक पॅकिंग फोमचे ठोकळे मापाला कापून ठोकून बसवा.

रॅचेट हाताला घट्ट लागला की पुरे, वर चढून जोर लावू नका, रिंगा वाकलेल्या बघितल्यात. उरलेलं टोक गुंडाळून बांधा नाहीतर तेच फटफट करत राहतं. आणि दहा-पंधरा किलोमीटर चालवून परत एकदा आवळा, नवा पट्टा पहिल्यांदा थोडा बसतोच.

चाक उभं करून बाजूला लावणं, कितीही जागा वाचत असली तरी नको. २१५/६० आर१६ चं चाक उभं केलं की ६६ सेंटिमीटर उंच होतं, सीटच्या पाठीच्या वर डोकं काढतं. टपावर कॅरिअर लावून ठेवलं तर वाऱ्याचा अडथळा वाढून रेंज पडते, ईव्हीत ते लगेच कळतं.

७. भोक पाडायचा विचार

रिंगाच नाहीत म्हणून कुणी सांगेल की पत्र्याला ड्रिल मारून हुक बसवू. मला रोज विचारतात, मी रोज नाही म्हणतो. वरून पत्रा दिसतो, खालून काय गेलंय ते दिसत नाही, बऱ्याच ईव्हींत तिथून वायरिंग जातं, मागे मोटर असलेल्या गाड्यांत तर जाड नारिंगी केबलसुद्धा असतात आणि नारिंगी म्हणजे हाय व्होल्टेज. त्याला कंपनीच्या ट्रेनिंग घेतलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही, मी पण लावत नाही. शिवाय भोकातून पाणी येतं आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. सर्व्हिस सेंटरला विचारा, त्या मॉडेलला अधिकृत अँकर बसत असेल तर ते बसवून देतील. बसत नसेल तर गावात स्टेपनी घरी ठेवा, आणि लांब जाताना मागच्या सीटवर कुणी नसेल असं बघा.

बांधायच्या आधी बसवून बघा

हे खरं तर पहिल्याच पायरीला यायला हवं पण जॅक लावावा लागतो म्हणून खाली आणलं. एवढी मेहनत करून बांधलेलं चाक गाडीला लागतंय का? सेकंडहँड चाक घेतात, होल मोजतात आणि निघतात. होलची संख्या सारखी असून पीसीडी, म्हणजे ती होल ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, वेगळा असू शकतो, मधलं भोक लहान असू शकतं, रिम एक इंच लहान असेल तर ब्रेकच्या कॅलिपरला घासू शकते. अलॉयचे नट आणि लोखंडी रिमचे नट पण काही गाड्यांत वेगळे असतात, लागले तर नटांचा वेगळा सेट स्टेपनीसोबतच ठेवा. घरासमोर सपाट जागेत एकदा लावा, हाताने फिरवा, कुठे घासत नाही ना बघा.

टायरवर साईजच्या पुढे लोड इंडेक्स असतो. ९५ म्हणजे ६९० किलो, ८९ म्हणजे ५८०. २१५/६० आर१६ ला साधारण ९५ असतो, स्वस्तात मिळते म्हणून १९५/६० आर१६ घेतली तर ८९ मिळतो, एका चाकामागे ११० किलो कमी. ईव्ही बॅटरीमुळे आधीच जड, तेव्हा कंपनीच्या आकड्याच्या खाली जाऊ नका. ही बारीक साईज उंचीलाही २४ मिमीने कमी भरते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ईव्हीत अशी लहान स्टेपनी पुढे लावायची नाही. पुढचं पंक्चर असेल तर मागचं चांगलं चाक पुढे आणि स्टेपनी मागे, दोनदा जॅक लावावा लागेल पण लावा, कारण मोटर आणि रीजन (पाय काढला की मोटरच गाडी हळू करून बॅटरी चार्ज करते ते) दोन्ही पुढच्या चाकांवर काम करतात आणि दोन चाकं वेगळ्या मापाची असली की ओल्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते. रीजन कमीत कमीवर ठेवा आणि ८० च्या वर जाऊ नका. स्टेपनीत सेन्सर नसेल तर टीपीएमएसचा दिवा लागेल, त्याने घाबरायचं नाही.

जॅक फक्त दाराखालच्या पट्टीवर जिथे खुणा किंवा खाचा आहेत तिथेच. त्याच्या आत जी सपाट मोठी पेटी दिसते ती बॅटरी, तिला जॅक टेकता कामा नये. टेकला, चेपला, ओरखडा खोल गेला, तर चाक बदलायचं सोडा, गाडी चालवू पण नका, कंपनीच्या रोडसाईड असिस्टन्सला फोन करा आणि फ्लॅटबेडवरच न्या. दोरी लावून ओढायला देऊ नका, मोटरला जोडलेली चाकं रस्त्यावर फिरली की मोटर पण फिरते. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीसाठी १०३३ हा हेल्पलाइन नंबर आहे. हायवेला ट्रॅफिकच्या बाजूचं चाक पंक्चर झालं आणि बाजूला जागा नसेल तरी हाच मार्ग, स्वतः वाकून बसू नका, सगळ्यांना बॅरिअरच्या पलीकडे उभं करा.

पंक्चर चाक परत आणताना

हे कुणाच्या लक्षात येत नाही. बारीक स्टेपनी लावली की डिकीत आता मोठं, चिखलाचं, हवा नसलेलं चाक ठेवायचं असतं, ते त्या खड्ड्यात बसत नाही आणि हवा नसल्यामुळे पट्टाही धरत नाही. म्हणून मी बारीक स्टेपनीवाल्यांना पट्टे अर्धा मीटर लांबच घ्यायला सांगतो आणि सोबत एक रिकामी गोणी. चाक गोणीत घाला, गोणीला आऱ्यांच्या जागी दोन चिरा द्या म्हणजे पट्टा ओवता येतो, आणि सपाट टायरवर नाही तर रिमवर ताण येईल असा आवळा. किटमधला कॉम्प्रेसर चालत असेल आणि भोक लहान असेल तर आधी १५-२० पीएसआय हवा भरून मग बांधा, तेवढी घरी पोचेपर्यंत टिकली तरी पट्टा सैल पडत नाही, आणि वाटेत चहाला थांबलात की एकदा रिम हलवून बघा. लावलेल्या स्टेपनीचे नट पण ५० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने तपासून घ्या, आकडा हँडबुकमध्ये आहे, कुठल्याही चांगल्या टायरवाल्याकडे पाच मिनिटांत होतं.